मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता : अहवालातील नव्या आकड्यांविषयी

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या ग्राहकांच्या अहवालात, डॉक्टरांनी तसे लिहून दिले असल्यास, आमची लॅब यापुढे दोन टक्केवाऱ्या छापणार आहे. डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गरज पुढील दोन वर्षांत पडण्याची शक्यता किती आणि पाच वर्षांत किती, हे त्या सांगतात.

हा अंदाज वय, लिंग, रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज; तो जितका कमी, तितके त्यांचे काम मंदावलेले) आणि लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण दाखवणारे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर या चार गोष्टींवरून केला जातो. त्यामागचे सूत्र नवदीप तंगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील रुग्णांच्या नोंदींवरून २०११ साली मांडले आणि २०१६ साली ते तीसहून अधिक देशांतील सात लाखांवर रुग्णांच्या माहितीवर तपासले गेले. त्या तपासणीनंतर उत्तर अमेरिकेबाहेरील देशांसाठी सूत्रात दुरुस्ती झाली. आम्ही हेच दुरुस्त सूत्र वापरतो.

बहुतेक ग्राहक अहवाल हाती येताच क्रिएटिनिन पाहतात आणि लघवीची तपासणी ‘नंतर करू’ म्हणून राहून जाते. ती का राहू नये, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. साठ वर्षांच्या दोन पुरुषांचा ईजीएफआर ३५ आहे. एकाचे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, तर दुसऱ्याचे १००० आहे. पहिल्याची पाच वर्षांतील शक्यता सुमारे ५ टक्के येते, दुसऱ्याची सुमारे २१ टक्के. दोघांचे क्रिएटिनिन सारखेच आहे आणि फरक आहे तो केवळ लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा. २१ टक्के याचा अर्थ असा, की अशाच शंभर जणांपैकी साधारण एकवीस जणांवर पाच वर्षांत ती वेळ येते. त्या एकविसांत आपण आहात की उरलेल्या एकोणऐंशींत, हे सूत्र सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट पाहून काही जण गोंधळतात. बाकी सर्व आकडे तेच असताना वय ८० धरले, तर २१ टक्क्यांचे सुमारे १४ टक्के होतात. याचा अर्थ वृद्धापकाळी मूत्रपिंडे सुधारतात असा नाही. या वयात विकार बहुधा संथपणे वाढतो आणि हृदयविकारासारखी इतर कारणे आधी आड येतात, म्हणून डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण कमी असते.

ईजीएफआर ६० पेक्षा कमी आहे आणि विकार किमान तीन महिने टिकून आहे, अशांसाठीच हे सूत्र आहे. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असताना, किंवा रुग्णालयात दाखल असताना अचानक वाढलेल्या क्रिएटिनिनवरून आम्ही ही टक्केवारी काढून देत नाही. स्नायू फार कमी असलेल्या व्यक्तींचे क्रिएटिनिन मुळातच कमी येते, त्यामुळे त्यांचा ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. ते डॉक्टरांनी लक्षात घ्यावे लागते.

लघवीचा नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा आणावा. ताप, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जड व्यायाम असल्यास अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, तेव्हा तपासणी पुढे ढकलावी. आधीचे अहवाल सोबत असावेत. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या काही औषधांनी, जी मूत्रपिंडांचे रक्षण करण्यासाठीच दिली जातात, ईजीएफआर सुरुवातीला थोडा खाली येतो. त्यामुळे टक्केवारी वाढलेली दिसली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.

केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांतील शक्यता ३ ते ५ टक्के असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला घेण्याचा विचार व्हावा. दोन वर्षांतील शक्यता ४० टक्क्यांवर गेल्यास डायलिसिस की प्रत्यारोपण, याची तयारी सुरू करावी. ही तयारी आयत्या वेळी होत नाही, कारण डायलिसिससाठी हातात करावयाचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. त्यासाठी हाताच्या शिरा शाबूत राहणे आवश्यक असते. आपल्या डॉक्टरांनी तसे सुचवले असल्यास नमुना देताना आमच्या तंत्रज्ञांना आधीच सांगावे, म्हणजे ते कोपराजवळील शीर टाळून तळहाताच्या मागील बाजूने रक्त घेतील.