चिद्विलास

चिद्विलास : विश्व हे चैतन्याने घडवलेली वस्तू नव्हे आणि चैतन्यावर झालेला भासही नव्हे, ते चैतन्याचेच उघड्यावर आलेले रूप होय, असे मानणारा अद्वैती विचार. मराठीत तो मुख्यतः ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभव’ आणि ‘चांगदेव पासष्टी’ या रचनांशी जोडला जातो. अभ्यासक त्याला ‘स्फूर्तिवाद’ असेही म्हणतात. काश्मीरचे प्रत्यभिज्ञा दर्शन, म्हणजे तिथल्या शैवांचा अद्वैती विचार, हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद. विश्व कधी झाले आणि कशातून झाले, या नेहमीच्या प्रश्नाला चिद्विलास सरळ उत्तर देत नाही. ‘झाले’ असे काही म्हणता येते का, इथूनच तो बोलायला लागतो. हा मुद्दा नजरेआड केल्यामुळे त्याच्याविषयी, विशेषतः गेल्या शंभर वर्षांत, बराच घोळ झालेला आहे.

सृष्टीच्या उगमाचा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त, अवघ्या सात ऋचांचे आहे. आरंभी सत् नव्हते, असत् नव्हते, मृत्यू नव्हता, अमरत्व नव्हते, असे सांगत ते पुढे जाते. ‘मनाचे पहिले बीज’ असलेला काम, म्हणजे इच्छा, तिथे प्रथम उपजतो. आणि शेवटी सूक्तकार हात वर करतो : या सृष्टीचा जो परम आकाशातला अध्यक्ष, त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. धर्मग्रंथात देवाच्या सर्वज्ञतेवर इतक्या सहजपणे शंका घेतलेली क्वचितच आढळते. उपनिषदांनी ही शंका बाजूला ठेवली. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की आरंभी एकच सत् होते, त्याने ‘मी पुष्कळ व्हावे’ असे पाहिले. ऐतरेयात आत्माच एकटा आधी होता आणि प्रज्ञान हेच ब्रह्म आहे. मुंडकात कोळी आपल्यातूनच धागा काढतो आणि आपल्यातच ओढून घेतो. इथून पुढे चैतन्य आणि विश्वाचा उगम हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

सांख्यांनी मात्र त्यांना वेगळे ठेवले. त्यांच्या मते पुरुष हा नुसता जाणता. घडामोड सगळी प्रकृतीची, आणि प्रकृती जड. महत्, अहंकार, तन्मात्रा, महाभूते अशी तत्त्वांची उतरंड तिच्यातून निघते आणि पुरुषासह ती पंचवीस भरते. वासरासाठी अचेतन दूध जसे आपोआप पाझरते तशी प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते, असे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सांगते. महाराष्ट्रातल्या कीर्तन-प्रवचनात आजही सृष्टीक्रम सांगायची वेळ आली की वक्ता अद्वैती असला तरी भाषा सांख्यांचीच वापरतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ असे स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्याचाही पाया सांख्यशास्त्रच आहे. ते समजावताना टिळकांनी हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाच्या उत्क्रांतिविचाराशी त्याची तुलना केली.

अद्वैतात पेच वेगळा होता. ब्रह्म एकच आणि ते पूर्ण, मग विश्व आले कुठून आणि कशासाठी? गौडपादांनी मांडूक्यकारिकेत त्या काळची मते एका दमात मोजून दाखवली आहेत : कोणी म्हणतात सृष्टी ही प्रभूची इच्छा, कोणी म्हणतात काळापासून झाली, कोणी भोगासाठी, कोणी क्रीडेसाठी. त्यावर त्यांचे म्हणणे असे की हा त्या देवाचा स्वभावच आहे, ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झालेल्या आहेत त्याला हाव कसली? ब्रह्मसूत्रांनी ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ म्हणून सृष्टीला केवळ लीला ठरवले. शंकराचार्यांनी लीला मान्य केली, पण तिला मायेच्या चौकटीत बसवले. अज्ञान आहे तोवर विश्व आहे, ज्ञान झाले की दोरीवर दिसणारा साप जसा नाहीसा होतो तसे ते बाधित होते. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी भक्कम आहे. तिला एकच जागा नेहमी बोचत राहिली : हे अज्ञान नेमके कोणाचे?

काश्मीरच्या शैवांनी त्या बोचऱ्या जागेलाच हात घातला. नवव्या शतकात वसुगुप्तांच्या शिवसूत्रांपासून ही परंपरा दिसू लागते. सोमानंद, उत्पलदेव आणि अभिनवगुप्त यांनी तिला दर्शनाचे रूप दिले. अभिनवगुप्तांचे शिष्य क्षेमराज यांनी ‘प्रत्यभिज्ञाहृदयम्’ या वीस सूत्रांच्या छोट्या ग्रंथात सगळा विचार उतरवला. पहिले सूत्र म्हणते, स्वतंत्र चिती हीच विश्वसिद्धीचे कारण. दुसरे म्हणते, ती आपल्या इच्छेने, आपल्याच भिंतीवर विश्व उलगडते. या दुसऱ्या सूत्रातला ‘स्वभित्तौ’, म्हणजे आपल्याच भिंतीवर, हा शब्द फार लांब नेणारा आहे. चित्र, चितारी आणि भिंत या तिघांत फरक उरत नाही. चैतन्य हा नुसता प्रकाश नाही, त्याला स्वतःचे भान आहे, आणि या भानाला ते विमर्श म्हणतात. विमर्श म्हणजेच शक्ती. शिव आणि शक्ती वेगळे नसल्यामुळे विश्वाला खोटे ठरवण्याची गरजच पडत नाही. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांच्या वर आणखी अकरा तत्त्वे मांडून शैवांनी ती छत्तीस केली. शिवाची कृत्येही पाच मानली : सृष्टी, स्थिती, संहार, स्वतःला झाकून घेणे आणि अनुग्रह. बंधन हे चौथ्या कृत्यात येते. म्हणजे अज्ञानसुद्धा बाहेरून आलेले नाही, लपणे हा त्याच खेळाचा भाग झाला.

हा विचार गोदावरीकाठी कसा पोचला, याचा धागा नाथपंथातून जातो. ज्ञानेश्वर आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी सांगतात. तिकडे अभिनवगुप्त ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंद नावाच्या सिद्धाला वंदन करतात, आणि बहुतेक अभ्यासक त्याला मत्स्येंद्रनाथच मानतात. याहून ठोस पुरावा खुद्द अमृतानुभवात आहे. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानेश्वर शिवसूत्राचे नाव घेऊनच सांगतात : ‘आणि ज्ञानबंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें । म्हणितलें असे । सदाशिवें’. ‘ज्ञानं बन्धः’ हे वसुगुप्तांच्या शिवसूत्रांतले सूत्र आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला पुरी झाली. गीतेवरच्या टीकेला मूळ श्लोकाचा काठ धरून चालावे लागते. आता स्वतंत्र ग्रंथ लिही, असे निवृत्तिनाथांनी सांगितले आणि त्यातून दहा प्रकरणांचा अमृतानुभव झाला, अशी संप्रदायाची धारणा आहे. पहिल्या प्रकरणाचे नाव ‘शिवशक्तिसमावेशन’. जगाचे मायबाप असलेल्या या ‘देवोदेवी’ला वंदन करून ज्ञानेश्वर त्यांच्या संसाराचे वर्णन करतात, आणि हे वर्णन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला न शोभावे इतके लाघवी आहे. दोघांना एकमेकांची इतकी ओढ की ती एकमेकांना गिळून टाकतात, आणि पुन्हा त्या प्रीतीच्या भरातच दोन होतात. ‘दो दांडीं एकी श्रुति । दोहों फुलीं एकी दृती’ : दोन टिपऱ्यांचा नाद एकच, दोन फुलांचा गंध एकच. सृष्टीची उत्पत्ती सांगण्याऐवजी कवी एका जोडप्याचे प्रेम सांगतो आहे, हे वाचकाला जरा उशिराच कळते.

ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग सातव्या प्रकरणाने, ‘अज्ञानखंडना’ने व्यापला आहे. इथे सूर बदलतो, भाषा वकिली होते. अज्ञान आत्म्याच्या ठायी राहते असे म्हणावे, तर ते आत्म्याला अज्ञानी करील. मग ‘इथे अज्ञान आहे’ हे जाणायला कोण उरले? ते आत्म्याला अज्ञानी करत नसेल, तर त्याला अज्ञान तरी का म्हणायचे? प्रमाणांनी ते सिद्ध करावे म्हटले, तर प्रमाण हे ज्ञानाचे लेकरू, ते अज्ञानाला कसे हात लावणार? असे एकेक दार लावत ज्ञानेश्वर शेवटी ठरवतात की जे काही दिसते आहे ते प्रकाशाचेच दिसणे आहे : ‘म्हणौनि जग असकी । वस्तुप्रभा’. जग म्हणजे त्या एका वस्तूची प्रभा. लगेच आठव्या प्रकरणात ते ज्ञानाचेही खंडन करतात, कारण घालवायला अज्ञानच नसेल तर ते घालवणाऱ्या ज्ञानालाही काम उरत नाही. वाचताना धाप लागते, पण मुद्दा सुटत नाही.

हेच बोलणे चांगदेव पासष्टीत अधिक मोकळे आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचून कोरा कागद पाठवला आणि उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ही कथा प्रसिद्धच आहे. पहिल्याच ओव्यांत सृष्टीचा उगम येतो, आणि येतो तो उलट्या बाजूने : ‘प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे’. तो परमात्मा लपतो तेव्हा जग दिसते, प्रकटतो तेव्हा त्याला गिळतो, आणि खरे पाहता तो लपलेलाही नाही नि प्रकटलेलाही नाही. पुढे दोन दृष्टान्त येतात. सोन्याचे सोनेपण तसूभरही उणे न होता त्याचे लेणे होते. पाण्याने लाटांची चोळी घातली आहे, पण ती फेडावी लागत नाही, ‘कल्लोळकंचुक । न फेडितां उघडें उदक’. शांकर मताच्या दोरी-सापाशेजारी हे दृष्टान्त ठेवले की फरक लगेच ध्यानात येतो. साप जावा लागतो, लाट जावी लागत नाही.

या फरकाला किती वजन द्यायचे, यावर विसाव्या शतकात मराठी पंडितांत वाद झडला. ज्ञानेश्वर शंकराचार्यांचेच अनुयायी आहेत, असे एक पक्ष मांडत होता, आणि त्याला आधारही होता : ज्ञानेश्वरीत मायेचे रूपक जागोजाग आहे, सातव्या अध्यायातली मायानदी तर पाठ्यपुस्तकांतही येते. दुसऱ्या पक्षाने अमृतानुभव हा ज्ञानेश्वरांचा स्वतःचा सिद्धान्त मानून चिद्विलास वेगळा काढला. भा. पं. बहिरट यांनी १९५६ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात या पक्षाची सविस्तर बाजू मांडली. दोन ग्रंथांत अशी भिंत घालण्याची गरज प्रस्तुत लेखकाला वाटत नाही, कारण ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायातच ‘म्हणौनि जग परौतें । सारूनि पाहिजे मातें । तैसा नोहें उखितें । आघवें मीचि’ अशी ओवी आहे. जग बाजूला सारून मला पाहावे असा मी नाही, सगळे मिळून मीच. माणकाच्या तेजाने माणिक झाकले जाते काय, असा सवालही तिथेच आहे.

चिद्विलासावरचा खरा आक्षेप निराळा आहे. सगळेच चैतन्याचे खेळणे असेल तर दुःख, क्रौर्य, दुष्काळ हेही त्यातच आले. मग कोणी कोणासाठी काय करावे? साधना तरी कशाला? द्वैतवादी मध्वाचार्यांच्या परंपरेने जग खरे मानले ते ईश्वराहून वेगळे ठेवूनच, त्यामुळे तिला ही अडचण या रूपात येत नाही. यातल्या साधनेच्या प्रश्नाला ज्ञानेश्वर अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात उत्तर देतात. तिथे गंधच नाक होतो, आरसेच डोळे होऊन उठतात, आणि एकपणातही भक्ती कशी चालते ते एका ओवीत येते : ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा’. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला याहून अधिक सांगावे लागत नाही : देव, देऊळ आणि भक्तगण सगळे एकाच कातळातले. दुःखाच्या प्रश्नाचे मात्र तितके नेटके उत्तर अमृतानुभवात सापडत नाही. पसायदानात ‘खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणारे ज्ञानेश्वर त्या प्रश्नाला प्रार्थनेतून भिडले, तर्कातून नाही.

नंतरच्या संतांत रामदासांनी दासबोधाच्या आठव्या दशकात मूळमाया, गुणमाया, पंचभूते असा उगमाचा क्रम लावला. निश्चळ ब्रह्मात उठलेले चंचळ स्फुरण ती मूळमाया, अशी त्यांची मांडणी आहे, आणि ती चिद्विलासापेक्षा रूढ वेदान्ताला जवळची आहे.

विसाव्या शतकात हा विचार दोन वाटांनी महाराष्ट्राबाहेर गेला. ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरीचे स्वामी मुक्तानंद (१९०८–१९८२) यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चित्शक्ति विलास’ असेच नाव दिले आणि काश्मीर शैवमत अमेरिकेतल्या शिष्यांपर्यंत नेले. मुंबईत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) खेतवाडीतल्या आपल्या राहत्या घरी मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणलेला त्यांच्या संवादांचा संग्रह ‘आय ॲम दॅट’ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मी आहे’ ही जाणीव उगवते आणि तिच्याबरोबरच जग उगवते, हे त्यांचे मुख्य सांगणे. पण ही जाणीवसुद्धा अन्नमय देहावर टिकलेली, येणारी-जाणारी आहे आणि तुम्ही तिच्याही आधीचे आहात, असे ते बजावतात. चैतन्यालाच अखेरचे मानणाऱ्या चिद्विलासापासून ते इथे एक पाऊल बाजूला होतात. दोघांना एकाच पोत्यात भरणारे पुष्कळ लेखन आज वाचायला मिळते.

आधुनिक विज्ञानाशी जोड लावण्याचा उद्योगही जोरात चालतो. भौतिकशास्त्रज्ञ श्रॉडिंगर यांना उपनिषदांचे आकर्षण होते, हे खरे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २००४ पासून भारत सरकारने भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे, हेही खरे. पुराणांतला ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा, आणि आजचे विज्ञान विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगते. आकडे एकाच पंक्तीत बसण्याइतके मोठे आहेत, एवढेच यातून निघते. महास्फोटाचा सिद्धान्त दूरच्या दीर्घिकांचे पळणे आणि अवकाशभर पसरलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण मोजून उभा राहिला, आणि उद्याच्या मोजमापाने तो बदलू शकतो. तो भूतकाळातल्या एका घडामोडीविषयी बोलतो. चिद्विलासात सृष्टी होऊन गेलेली नाही, ती या क्षणी कोणाला तरी दिसते आहे आणि हे दिसणे कोणाचे, एवढाच तिथला प्रश्न. कोणतीही दुर्बीण त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देऊ शकत नाही.

वारकरी फडांवर हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी रोज वाचली जाते. अमृतानुभवाच्या वाट्याला नेम कमी आणि टीका अधिक आल्या. त्यांतली शिवकल्याणांची ‘नित्यानंदैक्यदीपिका’ ही जुनी टीका अभ्यासकांत अजून प्रमाण मानली जाते.