वर्कस्टेशन सिंथेसायझर : मुंबईतील वापर

वर्कस्टेशन सिंथेसायझर : नाना वाद्यांचे नाद, ड्रमसेट, रिव्हर्ब-डिलेसारखे (घुमारा, प्रतिध्वनी) इफेक्ट आणि वाजवलेले ट्रॅकवार नोंदवून ठेवणारा सीक्वेन्सर, हे सगळे एकाच अंगात असलेला विजेवरचा कीबोर्ड. एका माणसाने एका जागी बसून आख्खे गाणे बांधावे, या हिशेबाने तो घडवला गेला. मुंबईत मात्र त्याचे बरेचसे आयुष्य रंगमंचावर जाते. ज्या सीक्वेन्सरमुळे त्याला वर्कस्टेशन म्हणतात, त्याला इथल्या वाद्यवृंदातले अनेक वादक क्वचितच हात लावतात. त्यांना हवे असतात ते टोन, म्हणजे वाद्यांचे तयार नाद, आणि ते टोन गाण्याच्या मधोमध झटक्यात बदलण्याची सोय.

अरेंजर कीबोर्ड हा निराळा प्रकार. त्यात डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरली की ताल, बेस आणि साथ आपोआप सुरू होते. वर्कस्टेशनमध्ये असे आयते फारसे मिळत नाही, जे हवे ते वादकाने आधी रचून ठेवायचे असते. दोन्हींना सरसकट ‘कॅसिओ’ म्हणणारे यजमान अजूनही भेटतात, आणि त्यामुळे हळदीच्या कार्यक्रमाला नेमका नको तो कीबोर्ड भाड्याने आणला जातो.

घडण आणि पूर्वपीठिका

१९८३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर त्याच वर्षी आला, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडणारी मिडी पद्धतही त्याच वर्षी रूढ झाली. मिडीच्या एका केबलमधून १६ चॅनेल जातात. कोणता सूर, किती जोरात दाबला, कधी सोडला, अशी माहिती त्यातून वाहते. प्रत्यक्ष आवाज नाही. १९८८ साली कॉर्गने एम-१ बाजारात आणला. खऱ्या वाद्यांचे नमुने, इफेक्ट आणि ८ ट्रॅकचा सीक्वेन्सर असलेला ६१ कळांचा हा कीबोर्ड जगभर तुफान खपला आणि पुढच्या वर्कस्टेशनांचा साचा त्यानेच ठरवला. कॉर्गने १९९५ मध्ये ट्रिनिटी, १९९९ मध्ये ट्रायटन आणि २०११ मध्ये क्रोनोस काढला. यामाहाची मोटिफ आणि रोलँडची फँटम या मालिका २००१ च्या सुमारास सुरू झाल्या.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर त्याआधीच पोचला होता. अ‍ॅकॉर्डियन आणि तालवाद्ये वाजवणारे केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात तो ध्वनिमुद्रणात आणला. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे (ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८) वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिचे भरभरून कौतुक झाले. पुढे एका खोलीत एक प्रोग्रॅमर (सिंथेसायझरवर साथ रचणारा) बसून व्हायोलिनचा ताफा उभा करू लागला आणि मोठमोठ्या स्टुडिओंतली वादकांची गर्दी ओसरली. कित्येक व्हायोलिनवादकांची रोजची कामे त्यात गेली, ही या वाद्याच्या मुंबईतल्या इतिहासाची दुसरी बाजू. नंतर संगणकाने प्रोग्रॅमरच्या खोलीतून वर्कस्टेशनलाही बाहेर काढले. यामाहाने २०१६ मध्ये मोटिफच्या जागी मोंटाज आणला, तेव्हा मोटिफच्या तोडीचा सीक्वेन्सर त्यात ठेवला नाही. मुंबईच्या रंगमंचावर त्याने कुणाचे फारसे अडल्याचे दिसत नाही.

रंगमंचावरचे काम

दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ किंवा बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, अशा ठिकाणच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत बहुधा दोन कीबोर्ड असतात. एकाकडे स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा नाद) आणि कॉर्ड, दुसऱ्याकडे पीस, म्हणजे गाण्यातले वाद्यांचे तुकडे. बासरी, संतूर, सतार, मेंडोलिन, अ‍ॅकॉर्डियन, सनई असे मूळ ध्वनिमुद्रणात जे जे वाजले असेल ते सगळे दुसऱ्याने काढायचे. प्रेक्षकांना ते पीस तोंडपाठ असतात. अंतऱ्याआधीची बासरीची तान अर्धी राहिली तर पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवतात. दोन पीसांमध्ये कधी दोन मात्रांचीच उसंत मिळते. म्हणून वादक गाण्यागणिक एक मांडणी आधीच साठवून ठेवतो. कॉर्गमध्ये तिला कॉम्बी म्हणतात, यामाहा आणि रोलँडमध्ये परफॉर्मन्स. कळांचे भाग पाडून डाव्या अंगाला बेस, मधे स्ट्रिंग्ज आणि उजवीकडे संतूर ठेवायचे म्हणजे स्प्लिट. दोन टोन एकावर एक चढवायचे म्हणजे लेअर. त्या मांडण्या कार्यक्रमातल्या गाण्यांच्या क्रमाने लावल्या की पुढच्या गाण्यासाठी एकच बटण दाबावे लागते. निवेदकाने ऐनवेळी क्रम बदलला की ही सगळी शिस्त मोडते, आणि तो बदलतोच.

मींड काढायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, डाव्या हाताशी बेंडर असतो. यामाहाला दोन चाके, कॉर्गला चारही दिशांना हलणारी जॉयस्टिक, रोलँडला आडवा हलणारा आणि पुढे ढकलता येणारा दांडा. कारखान्यातून निघताना बेंडर साधारणपणे दोन अर्धस्वरांपुरता लावलेला असतो. बासरीसारख्या टोनला तेवढ्याने भागत नाही, म्हणून मर्यादा वाढवावी लागते. नवखे वादक इथे हमखास फसतात. बेंडर सगळ्या भागांना एकदमच लागू असतो, त्यामुळे उजव्या हाताने बासरीची मींड घेतली की डावीकडचा बेसही तिच्याबरोबर घसरतो. त्या मांडणीत बेसच्या भागाची बेंडची मर्यादा शून्य केली की काम भागते. हे घरी करायचे काम आहे. स्टेजवर मेनू उघडून बसायला वेळ नसतो.

दुसरा रोजचा मामला पट्टीचा. गायिका येते आणि ‘माझी काळी चार’ सांगते. काळी चार म्हणजे जी शार्प. अशा वेळी पुष्कळ वादक ट्रान्सपोज (सगळ्या कळांचे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय) चार घरे, म्हणजे चार अर्धस्वर, खाली नेतात आणि बोटे सवयीच्या पांढरी एकवर (सी) ठेवतात; गायक काळी एकचा असेल तर एक घर वर. ज्याने बाराही पट्ट्यांचा रियाज केला आहे तो या सवयीला नाक मुरडतो, आणि त्याचे बरोबर आहे, कारण मागच्या गाण्याचा ट्रान्सपोज तसाच राहून गेला की पुढच्या गाण्याचा इंट्रो भलत्याच सुरात सुरू होतो आणि गायकाची पंचाईत होते. पण एका संध्याकाळी पंचवीस गाणी आणि सहा गायक असले की सोय तत्त्वावर मात करते. मुंबईचे वादक कीबोर्ड निवडताना ट्रान्सपोजचे बटण दर्शनी आहे का हे पाहतात. ट्रायटनमध्ये ते ग्लोबल मोडच्या पानांत शिरून गाठावे लागते. रोलँडच्या एक्सपीएस-१० वर ते समोरच आहे. भारतीय वाद्यांचे टोनही त्यात दिलेले असल्याने हा कीबोर्ड इथे फार चालला. तो पूर्ण वर्कस्टेशन नव्हे, पण वजनाला आणि खिशाला हलका.

नाट्यगीत किंवा अभंग असेल तर आणखी एक अडचण येते. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, धैवत सुमारे १६ सेंट. तानपुऱ्याशेजारी धरून ठेवलेल्या स्ट्रिंग्जमध्ये ते कानाला खटकते. स्केल ट्यूनच्या पानावर प्रत्येक सूर सेंटमध्ये खालीवर करता येतो, मात्र षड्ज कोणता हेही तिथे सांगावे लागते. इतके करणारे वादक थोडे. जाणते लोक अशा गाण्यात कीबोर्डचा आवाज कमी ठेवतात आणि सूर हार्मोनियम-ऑर्गनवर सोपवतात. माझ्या मते तोच शहाणा मार्ग.

गणेशोत्सवातल्या आणि आगरी-कोळी हळदीतल्या बेंजो पार्टीत चित्र वेगळे. तिथे सुरांच्या सूक्ष्मतेपेक्षा ठसका महत्त्वाचा. बेंजो (कळा दाबून वाजवायचे तारवाद्य), ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे विजेवरचे तालवाद्य) आणि कीबोर्ड एका गाडीवर, जनरेटर मागे. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम असल्याने सगळा जोर संध्याकाळवर येतो.

मालकी, भाडे आणि ने-आण

८८ कळांचा क्रोनोस पेटीविना २३ किलोंच्या आसपास भरतो. तो घेऊन सकाळी विरारहून चर्चगेटची लोकल पकडणे अशक्यच. मालडबा गाठला तरी कोळणींच्या पाट्यांमध्ये त्याला उभे करायला जागा नसते. म्हणून मोठा कीबोर्ड अनेकदा साउंडवाल्याकडून भाड्याने स्टेजवर येतो आणि वादक खिशात पेनड्राइव्ह घेऊन येतो. त्याची खरी मालमत्ता त्या पेनड्राइव्हमध्ये असते: वर्षानुवर्षे जमवलेले टोन आणि मांडण्या. मात्र ट्रायटनची फाइल फँटममध्ये उघडत नाही, आणि एकाच मॉडेलवर जुनी प्रणाली असेल तरी कधी घोटाळा होतो. त्यामुळे कार्यक्रम ठरवताना मानधनाच्या आधी ‘कीबोर्ड कुठला देणार?’ हा प्रश्न येतो. ज्यांना भाड्याचा भरवसा नको असतो ते कॉर्ग क्रॉससारखा चार किलोंच्या आसपासचा, सहा पेन्सिल सेलवरही चालणारा कीबोर्ड स्वतः बाळगतात.

नवे वाद्य पाहायला लोक धोबी तलावच्या फुर्टाडोजकडे किंवा वांद्रे-खारच्या दुकानांकडे जातात. जुन्याचा व्यवहार वादकांच्या आपापसातल्या ओळखीतून होतो. जपानहून आलेला जुना माल १०० व्होल्टचा असू शकतो. मागच्या पट्टीवरचा आकडा न वाचता तो घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला की पॉवर सप्लाय जळतो.

मुंबईची हवा या वाद्याला मानवत नाही. कळांखाली कार्बन लावलेले रबरी संपर्क असतात. ओल आणि धूळ बसली की एखादी कळ वाजेनाशी होते, किंवा हळू दाबली तरी पूर्ण जोराने किंचाळते. पावसाळ्यानंतर दुरुस्तीवाल्याकडे येणारी ही नेहमीची तक्रार. रबराची पट्टी काढून स्पिरिटने पुसली तर पुष्कळदा काम होते. नाहीतर नवी पट्टी मागवावी लागते. एम-१ च्या पिढीतल्या कीबोर्डांमध्ये साठवलेले टोन एका बटनसेलवर तगून असतात. सेल संपला की सगळे पुसले जाते, म्हणून तो बदलण्याआधी टोन बाहेर उतरवून घ्यावे लागतात. फ्लॉपीवर चालणाऱ्या ट्रिनिटी-ट्रायटनमध्ये लोक आता फ्लॉपीच्या जागी यूएसबीचे खोके बसवून घेतात. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला शोधावे लागतात. नेमका कंपनीचा भाग नाही मिळाला तरी जुळता कनेक्टर किंवा कपॅसिटर बहुधा मिळतो.

जुना कीबोर्ड घेताना ६१ च्या ६१ कळा एकेक करून, आधी अगदी हळू आणि मग जोरात, हेडफोन लावून वाजवून पाहाव्यात. बेंडर सोडल्यावर सूर मूळ जागी येतो का, डिस्प्लेचा उजेड फिका पडला आहे का, दोन्ही आउटपुटना समान आवाज आहे का, हे तपासावे. सस्टेन पेडल आपले न्यावे. काही कंपन्यांच्या पेडलांची ध्रुवता (पाय दाबल्यावर संपर्क जुळतो की तुटतो) एकमेकींच्या उलट असते. पाय उचलल्यावर सूर लांबू लागला तर बिघाड कीबोर्डचा नसतो. बऱ्याच मॉडेलांत पेडलवरचा पाय काढून कीबोर्ड बंद-चालू केला, किंवा सेटिंगमध्ये ध्रुवता उलटवली, की तो दोष जातो.