ऑगमेंटेड कॉर्ड खटकतेय? गिटार रिपेअरला आणायच्या आधी एवढं वाचा

हा कागद आम्ही तारांच्या सेटसोबत फुकट देतोय, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी गिटार घेऊन येतं, काउंटरवरच सी ऑगमेंटेड (सी मेजर कॉर्डचा पाचवा सूर अर्धा चढवला की होते ती) धरतं आणि म्हणतं, बघा ना, ट्यूनर हिरवा दाखवतोय तरी कॉर्ड लागत नाही. बऱ्याचदा गिटार ठणठणीत असते, सेटअपचे, म्हणजे गिटार जुळवून देण्याचे, पैसे घ्यायला आम्हालाच कसंतरी होतं.

आधी स्केल बघू. सी मेजर घ्या आणि त्यातला फक्त पाचवा सूर अर्धा चढवा, सी डी ई एफ जी शार्प ए बी, झाली ऑगमेंटेड मेजर. घरी पेटी असेल तर पांढरी १ ला सा धरा आणि पांढरी ५ सोडून काळी ४ दाबा. म्हणजे पंचम गायब आणि धैवत दोन्ही, ऐकायला विचित्र वाटणारच. पण हेच सूर ए पासून वाजवले की हार्मोनिक मायनर होते, आपल्याकडची किरवाणी, आणि ती कोणालाच विचित्र वाटत नाही! (याच नावाने काही जण एफ पण शार्प करतात, ती लिडियन ऑगमेंटेड, वेगळी स्केल. क्लासमध्ये सर कुठली म्हणतायत ते विचारून घ्या.)

कॉर्ड काढायची पद्धत नेहमीचीच, एक सूर घ्यायचा, एक सोडायचा. सी वरून सी-ई-जी शार्प, म्हणजे सी ऑगमेंटेड. पुढे डी मायनर, ई मेजर, एफ मेजर, जी शार्प डिमिनिश (मायनरचाही पाचवा सूर अर्धा उतरवलेली), ए मायनर, बी डिमिनिश. सात पैकी चार तर तुम्हाला पहिल्या दोन महिन्यातच आलेल्या असतात. चौथा सूर जोडला की मजा येते, ई चा ई सेव्हन होतो आणि तो सरळ ए मायनरकडे ओढतो, आणि सी वर बी जोडला की सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह, नाव लांबलचक पण धरायला सोपी: सहावी तार सोडा, पाचवीपासून खाली ३, २, १, ०, ० (आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर, मानेवरच्या आडव्या पट्टीवर, दाबायचं, ० म्हणजे तार मोकळी).

आता हे करून बघा. साधी सी मेजर धरा, तिसरी म्हणजे जी ची तार मोकळी आहे. मग ३, २, १, १, ० धरा, ही सी ऑगमेंटेड, तीच तार आता पहिल्या फ्रेटवर. मग ए मायनर, तीच तार दुसऱ्या फ्रेटवर. सी, सी ऑगमेंटेड, ए मायनर असं चार-चार ठोक्यांनी वाजवा, एकच तार जी, जी शार्प, ए अशी पायरी चढताना ऐकू येईल. ऑगमेंटेड कॉर्ड बहुतेक वेळा अशी मधली पायरी म्हणूनच येते, तिच्यावरच थांबून ती गोड लागते का बघत बसलात तर ती खटकणारच.

का खटकते तेही सांगतो. सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप. सप्तक १२०० सेंटचं, गिटारवर सा ते ग (इथे सी ते ई) ४०० सेंट. पण कानाला गोड लागणारा गंधार ३८६ च्या आसपास असतो, म्हणजे गिटारवरचा १४ सेंट चढा. सी मेजरमध्ये पंचम जवळजवळ शुद्ध असतो, तो सांभाळून घेतो. इथे पंचमच नाही, तसे तीन चढे गंधार एकावर एक रचलेत, आणि ते तिन्ही गोड करायला गेलात तर सप्तकाला ४१ सेंट कमी पडतात. त्यामुळे कॉर्ड गोड करायला जी ची खुंटी उतरवू नका प्लीज, ऑगमेंटेड जरा बरी वाटेल पण लगेच सी मेजरमधला मोकळा जी उतरलेला लागेल.

खरा दोष असतो तो बहुतेक नटमध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीत. खाच उंच राहिली असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, आणि या कॉर्डमध्ये दोन बोटं नेमकी पहिल्याच फ्रेटवर. तपासायचं कसं, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघा. केसाएवढी ठीक, त्याहून नीट दिसण्याएवढी असेल तर गिटार घेऊन या. तारा गंजल्या असतील तर आधी बदला, तसल्या तारेवर काहीच खरं कळत नाही. आणि नट घरी कानशीने घासू नका, खाच खोल गेली की मोकळी तार खरखरायला लागते आणि मग नवा नटच बसवावा लागतो.