तीस जानेवारीची संध्याकाळ : ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

३० जानेवारी १९४८ हा शुक्रवार होता. दिल्लीतील बिर्ला भवनात सायंप्रार्थनेची नेहमीची वेळ पाचची असे. परंतु त्या दिवशी सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले आणि गांधीजींना निघायला काही मिनिटे उशीर झाला. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटे झाली होती. सहाच्या सुमारास आकाशवाणीवरून बातमी सांगितली गेली आणि त्यानंतर नेहरू व पटेल दोघेही रेडिओवर बोलले. आज नव्वदीच्या आसपास असलेल्या मराठी माणसाला त्या दिवसाविषयी विचारले, तर आठवणीची सुरुवात बहुधा दिवेलागणीपासून होते, याचे कारण या वेळापत्रकातच आहे. जानेवारीच्या अखेरीस आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बातमी शहरांतून पसरू लागली तेव्हा घरोघरी कंदील पुसून झाले होते, मुले परवचा म्हणायला बसत होती आणि पुरुषमाणसे कामावरून परतत होती.

बातमी ऐकली म्हणजे नेमकी कशी ऐकली, हेही पाहायला हवे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात आकाशवाणीची केंद्रे अवघी सहा होती आणि रेडिओचे परवाने सुमारे पावणेतीन लाख. महाराष्ट्रातील श्रोत्याला जवळचे केंद्र एकच, ते मुंबईचे. नागपूरचे केंद्र त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झाले, आणि पुण्याला तर १९५३पर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे बहुसंख्य लोकांनी ही बातमी रेडिओवरून नव्हे, तर रेडिओ ऐकलेल्या माणसाकडून ऐकली. कोणा वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या घरी संच असे, एखाद्या हॉटेलात असे. तिथून बातमी गल्लीत येई, गल्लीतून एस.टी. नसलेल्या काळातल्या खासगी मोटारींनी आणि सायकलींनी गावोगाव जाई. म्हणूनच या आठवणींमध्ये जवळजवळ नेहमी एक माणूस असतो: धावत आलेला शेजारी, रडत घरी परतलेले वडील, वर्गाच्या दाराशी थांबलेले हेडमास्तर. पुढच्या काळातील दुर्घटनांच्या आठवणींत या माणसाची जागा ट्रान्झिस्टरने आणि मग टीव्हीच्या पडद्याने घेतली.

त्या संध्याकाळच्या बातमीतील एक शब्द फार विचारपूर्वक घातलेला होता. मारेकरी हिंदू आहे, हे आकाशवाणीने पहिल्याच घोषणेत स्पष्ट केले. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. मारेकरी मुसलमान असल्याची नुसती कुजबूज पसरती तरी काय झाले असते, याची कल्पना सर्वांना होती. माउंटबॅटन बिर्ला भवनात पोचले तेव्हा गर्दीतील कोणी तरी ‘मारणारा मुसलमान होता’ असे ओरडला आणि त्यांनी तत्काळ ‘तो हिंदू होता हे सगळ्यांना माहीत आहे’ असे त्याला दरडावले. प्रत्यक्षात त्या क्षणी ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. ‘हिंदू’ या शब्दाने देशाच्या मोठ्या भागात सुटकेचा निःश्वास टाकला गेला. महाराष्ट्रात मात्र त्यापाठोपाठ नथुराम हे नाव आले, गोडसे हे आडनाव आले, आणि आडनावावरून ब्राह्मण ही जात आली.

येथून मराठी आठवण उरलेल्या देशाच्या आठवणीपासून वेगळी होते. दिल्ली-लखनौकडील माणसाच्या आठवणीत ३१ जानेवारीला अंत्ययात्रा असते, आकाशवाणीचे निवेदक मेलव्हिल डी’मेलो यांचे तासन्‌तास चाललेले धावते वर्णन असते, यमुनेचा काठ असतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि त्याहून अधिक सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर या भागांतील माणसाच्या आठवणीत जमाव असतात. मुंबईत शिवाजी पार्कजवळील सावरकरांच्या घरावर चाल झाली. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव दगडफेकीत गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी वारले. सांगली व कोल्हापूर ही संस्थाने तोवर मुंबई प्रांतात विलीन झालेली नव्हती. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. खेडोपाडी ब्राह्मणांची घरे पेटवण्यात आली. बोलीभाषेत या सगळ्याला एकच शब्द उरला, ‘जळीत’. ‘आमचे जळीत झाले’ असे ज्या घरात म्हणतात, तिथे वर्ष सांगण्याची गरज पडत नाही. शब्दांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: मराठीत या घटनेला कोणी ‘गांधीहत्या’ म्हणते, कोणी ‘गांधीवध’, आणि सांगणारा कोणता शब्द वापरतो यावरून पुढची आठवण कोणत्या वळणाने जाणार हे पुष्कळदा आधीच कळते. याच दिवसांत साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. ज्यांनी त्या काळात त्यांना पाहिले, त्यांच्या आठवणीत गांधीजींच्या मृत्यूपेक्षाही गुरुजींचा खंगत गेलेला चेहराच अधिक ठळक राहिला असल्यास नवल नाही.

अशा आठवणींचा पद्धतशीर अभ्यास भारतात नव्हे, अमेरिकेत सुरू झाला. १८९९ साली कोलग्रोव्ह या संशोधकाने १७९ जणांना, लिंकन यांच्या खुनाची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, असे विचारले. घटनेला तेहतीस वर्षे उलटून गेली होती. तरीही १२७ जणांनी जागा, वेळ आणि सांगणारा माणूस यांचा तपशील दिला. त्यानंतर १९७७मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी या प्रकारच्या स्मृतीला छायाचित्रकाराच्या झगमगाटी दिव्याची उपमा देणारे ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिले. त्यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या अमेरिकनांना प्रश्न विचारले. केनेडींच्या खुनाची बातमी कळल्याचा क्षण ऐंशीपैकी एकोणऐंशी जणांना आठवत होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत मात्र काळ्यांपैकी ३० जणांना तो आठवत होता आणि गोऱ्यांपैकी केवळ १३ जणांना. बातमी कितीही मोठी असली, तरी ती आपल्या आयुष्यात काय उलथापालथ करणार आहे यावर तिची खूण किती खोल उमटते ते ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. महाराष्ट्रातील १९४८च्या आठवणींना हा निष्कर्ष जसा लागू पडतो, तसा क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. एकाच गावातील दोन आळ्यांत त्या संध्याकाळची दोन वेगळी चित्रे राहिली. एकीत देश पोरका झाल्याचे दुःख, दुसरीत मागच्या दाराने मळ्याकडे काढलेली वाट. आणि दोन्ही आळ्यांत असेही लोक होते, ज्यांनी शेजाऱ्याच्या मुलांना स्वतःच्या घरात लपवले, त्यामुळे ती चित्रे एकमेकांत मिसळली.

चित्र ठळक असते म्हणून ते खरे असते, असे मात्र नाही. अमेरिकेतीलच नायसर आणि हार्श यांनी २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान फुटल्यानंतर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतले आणि अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. तीनच जणांचे उत्तर पूर्णपणे जुळले. ११ जणांचे मुख्य तपशिलांपैकी काहीही जुळले नाही. त्यांच्याच हस्ताक्षरातील कागद समोर ठेवले तरी जुनी आठवण परतली नाही. नायसर यांची स्वतःची गोष्टही मौजेची आहे. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असे ते कित्येक वर्षे धरून चालले होते. पण डिसेंबरात बेसबॉलचे सामने होतच नाहीत.

आपल्याकडेही असा एक ‘बेसबॉल’ आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा ‘शाळा मध्येच सोडून दिली’ असे सांगणारी माणसे महाराष्ट्रात हमखास भेटतात. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, म्हणजे बहुतेक मराठी शाळांना त्या बुधवारी दिवाळीची सुट्टी असणार. सांगणारा खोटे बोलत नसतो. नंतरच्या वर्षांतील दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाची लवकर सुटलेली शाळा त्या तारखेला येऊन चिकटलेली असते. बीबीसीने बातमी आधी दिली आणि आकाशवाणीने अधिकृतपणे संध्याकाळी, हा तपशील मात्र बहुतेकांच्या आठवणीत बरोबर असतो. मधल्या काही तासांत अफवांवर काढलेला दिवस विसरण्यासारखा नव्हता. दिल्लीतील शिखांसाठी त्या तासांचा अर्थ काय होता, हे पुढील तीन दिवसांनी दाखवले.

१९४८च्या आठवणींतही असे सांधे आहेत. ‘जळितानंतर आम्ही गाव सोडले’ हे वाक्य असंख्य घरांत ऐकू येते. परंतु त्याच वर्षी मुंबई प्रांतात कुळकायदा झाला आणि पुढील दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. गाव सुटण्यामागे पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कारणे होती, शिवाय शहरातील शिक्षण आणि नोकरी हे तिसरे कारण जुनेच होते. तरी घरातल्या सांगण्यात आग तेवढी उरते, कारण आगीला तारीख असते आणि सातबाऱ्यावरच्या बदलाला ती नसते. दुसरा सांधा पेढ्यांचा. ‘त्या दिवशी पेढे वाटले’ असे सांगणारे बहुतेक जण ते ऐकलेले असते म्हणून सांगतात, पाहिलेले असते म्हणून नव्हे. तरी ही पुढच्या पिढीने रचलेली कथा आहे असेही म्हणता येत नाही, कारण ११ सप्टेंबर १९४८ रोजी सरसंघचालक गोळवलकरांना लिहिलेल्या पत्रात खुद्द पटेलांनी संघाच्या लोकांनी मिठाई वाटल्याचा उल्लेख केला आहे.

मराठवाड्यात ही सगळी मांडणीच बदलते. तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, रझाकारांचा जाच वाढत चालला होता, आणि तिथल्या वृद्धांना १९४८ म्हटले की जानेवारीपेक्षा निजामाची राजवट संपल्याचा १७ सप्टेंबर आधी आठवतो.

सरकारी स्मरणाने तर वेळच बदलून टाकली आहे. दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा होतो आणि लोक दोन मिनिटे उभे राहतात. १९४८ नंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांच्या मनात तो दिवस सकाळचा आहे: प्रार्थनेच्या मैदानावरचा, उन्हात उभे राहिल्याचा. दिवेलागण त्यात कुठेच नाही.