आयात मालवाहतूक : खर्च व विलंब

आयातीत भाड्याचा दर आधी ठरतो, पण खर्च फुगतो तो बहुधा माल बंदरात उतरल्यावर. मोफत मुदत उलटूनही भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिला, तर जहाज कंपनी डेमरेज आकारते. बाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून वेळेत परत केला नाही, तर डिटेन्शन लागते. टर्मिनलचे साठवणभाडे याहून वेगळे. दिवस लोटतील तसे हे दर सहसा टप्प्याटप्प्याने चढतात. म्हणून मोफत मुदत भाडे ठरवतानाच वाढवून घ्यावी.

माल अडकतो तो बऱ्याचदा कागदांमुळे. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेला, माल ताब्यात घेण्यासाठी लागणारा दस्तऐवज) यांत वजन, नगसंख्या किंवा आयातदाराचे नाव जुळत नाही. मालाचे वर्णन ‘सुटे भाग’ इतकेच असते. एचएस कोडचे, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या क्रमांकाचे, पहिले 6 अंक जगभर समान असले, तरी पुढचे अंक देशागणिक बदलतात. त्यामुळे निर्यातदाराने दिलेला कोड तसाच उचलू नये. वर्गीकरण संदिग्ध असल्यास सीमाशुल्क विभागाकडून आगाऊ निर्णय घ्यावा. कागदांचे मसुदे जहाज सुटण्यापूर्वी तपासले, तर दुरुस्ती सोपी जाते. शक्य तिथे माल पोहोचण्याआधीच सीमाशुल्क विभागाकडे आयातपत्र (बिल ऑफ एंट्री) दाखल करावे.

जवळच्या बंदरातून येणारा माल बऱ्याचदा मूळ बिल ऑफ लेडिंगच्या आधी पोहोचतो आणि ते हाती येईपर्यंत सुटत नाही. पैसे चुकते झाले असतील आणि बँकेची अट नसेल, तर सी वेबिल (मूळ प्रत न दाखवता माल सोडवता येणारा वाहतूक दस्तऐवज) किंवा टेलेक्स रिलीज (मूळ प्रतीविना माल सोडण्याचा जहाज कंपनीचा संदेश) घ्यावे. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातील कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का नसेल, तर माल रोखला जाऊ शकतो, प्रसंगी परतही जातो. उष्णतेच्या नेहमीच्या प्रक्रियेत लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटे किमान 56 अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो.

सीआयएफ अटीवरचा (किंमत, विमा आणि उतरण्याच्या बंदरापर्यंतचे भाडे धरून दिलेला) भाव स्वस्त दिसतो. मात्र वाहतूकदार विक्रेता निवडतो आणि उतरण्याच्या बंदरातले शुल्क बहुधा खरेदीदारावर पडते. इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून येणाऱ्या सुट्या मालात, म्हणजे एलसीएलमध्ये, ते मूळ भाड्याहूनही जड ठरू शकते. आपला वाहतूकदार आपण नेमायचा असेल, तर कंटेनरमधल्या मालासाठी एफओबीपेक्षा (विक्रेत्याने माल जहाजावर चढवून देणे) एफसीए (विक्रेत्याने माल ठरल्या ठिकाणी खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे सोपवणे) अट योग्य.

हवाई मालात पॅकिंगच भाडे ठरवते. 60×50×40 सेंटिमीटरचा खोका प्रत्यक्षात 12 किलोचा असला, तरी घनफळाला 6000 ने भागून त्याचे आकारमानी वजन 20 किलो धरतात आणि भाडे त्यावर लागते. उंची 10 सेंटिमीटरने घटवली, की तेच 15 किलोवर येते.