तिसरी आली की गट बदलतो

बारा जणींनी ठरावावर सह्या केल्या, बँकेत खाते उघडले, गटाला नाव दिले, की बचत गट स्थापन झाला असे सगळे धरून चालतात. कागदावर तो झालेला असतो. समाजशास्त्र मात्र त्याला लगेच गट म्हणणार नाही. एसटीच्या थांब्यावरची चाळीस माणसे ही गर्दी असते. राज्यातले सगळे दहावी पास हा प्रवर्ग असतो, कारण एक लक्षण सारखे असले तरी त्यांची आपसांत ओळख नसते. गट म्हणायचे तर माणसांना एकमेकांची जाणीव हवी, पुन्हा पुन्हा देवाणघेवाण हवी, हेतू सामाईक हवा, आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठाऊक हवे, आणि नियम मोडला तर विचारणारे कुणी हवे. (एका राशीची माणसे हाही नुसता प्रवर्गच. त्यांचे स्वभाव सारखे असतात याला काडीचा आधार नाही, तरी लग्ने आणि भागीदाऱ्या त्यावर मोडल्या जातात, हे फार वाईट आहे.)

पुस्तकात गटांचे बरेच प्रकार असतात: औपचारिक-अनौपचारिक, ऐच्छिक-अनैच्छिक वगैरे. त्यातला कामाचा भेद प्राथमिक आणि दुय्यम गटांचा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1909 मध्ये कुटुंब, मुलांचा खेळगट आणि शेजार यांना प्राथमिक गट म्हटले. तिथे समोरासमोर संबंध असतात आणि माणूस माणूस म्हणून मोजला जातो. ‘दुय्यम’ हा शब्द पुढच्या अभ्यासकांनी जोडला: कार्यालय, बँक, युनियन, तिथे काम महत्त्वाचे, माणूस बदलला तरी चालते. बचत गट दोन्ही असतो, आणि त्याची सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

पण त्याआधी संख्येकडे बघू, कारण गटाचे वागणे संख्येने किती बदलते हे फार थोड्यांच्या लक्षात येते. जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी 1908 च्या ग्रंथात दोघांचा गट आणि तिघांचा गट यांत मूलभूत फरक दाखवला. दोघींनी मिळून भिशी चालवली आणि एक निघून गेली, तर भिशीच संपली. म्हणून दोघीही जपून वागतात, आणि जबाबदारी तिसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. तिसरी आली की एक जण गेली तरी गट उरतो. शिवाय बहुमत जन्माला येते. दोघींत ‘तू म्हणालीस’ असते. तिघींत पहिल्यांदा ‘गटाने ठरवले’ असे म्हणता येते, आणि जिच्या मनाविरुद्ध ठरले तिला गट ही आपल्याहून मोठी, बाहेरची शक्ती वाटू लागते.

झिमेल यांच्या मते तिसऱ्या व्यक्तीला तीन भूमिका मिळू शकतात. ती मध्यस्थी करते. किंवा दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, तसा लाभ उठवते. किंवा मुद्दाम भांडण लावून देते. गटाच्या बँक खात्यावर सहसा अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या चालतात, त्यामागे हाच हिशेब आहे. दोघीच सहीदार ठेवल्या तर एक माहेरी गेली की व्यवहार ठप्प होतो, आणि दोघींचे फाटले की पैसे अडकतात.

आता संख्या वाढवा. गटात जितक्या जणी, त्याला एक कमी आकड्याने गुणा आणि निम्मे करा; तितक्या जोड्या होतात. तिघींत 3, दहा जणींत 45, बारा जणींत 66, वीस जणींत 190. तेरावी आली की बारा नवी नाती सांभाळावी लागतात. बैठकीत प्रत्येकीने तीनच मिनिटे बोलायचे म्हटले तरी बारा जणींना 36 मिनिटे लागतात, वीस जणींना पूर्ण तास. मग चौघी-पाच जणी बोलतात आणि बाकीच्या मान हलवतात. शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांपासून बँक-जोडणीचा, म्हणजे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा, प्रयोग सुरू केला. 10 ते 20 सदस्यांचा शिरस्ता आजही आहे. त्यातली वीसची मर्यादा 1956 च्या कंपनी कायद्यातून आली, कारण नफ्यासाठी व्यवहार करणाऱ्या बिननोंदणी गटात त्याहून जास्त माणसे चालत नसत. पण समाजशास्त्रानेही साधारण तिथेच हात आखडता घेतला असता.

गटाची कसोटी लागते ती पहिल्या मोठ्या कर्जाला. बारा जणी दरमहा 100 रुपये टाकतात. पाचव्या महिन्यात पेटीत 6,000 जमतात. त्याच बैठकीत तिघी प्रत्येकी 5,000 मागतात. एकीची सासू दवाखान्यात, एकीला मुलाची फी भरायची, एकीला शिलाई मशीन घ्यायचे. प्राथमिक गट म्हणतो, सासूचे बघा. दुय्यम गट म्हणतो, अर्जाचा क्रम बघा. ज्या गटाने पहिल्याच महिन्यात अग्रक्रम लिहून ठेवलेला असतो, तिथे वाद तासाभरात मिटतो. नसेल तर कर्ज अध्यक्षांच्या जावेला मिळाले, एवढेच गावभर होते. दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने 5,000 च्या कर्जावर पहिल्या महिन्याचे व्याज 100 रुपये होते. हा आकडा वहीत लिहून मोठ्याने वाचला नाही, तर लिहिणाऱ्या एकीच्या हाती सगळा गट जातो. हप्ता मुलाकरवी पाठवणे हे बिघाडाचे पहिले लक्षण. पैसे येतात, पण समोरासमोरचा संबंध तुटलेला असतो.

संख्या 26 झाली की 325 जोड्या होतात, आणि गट फोडावा लागतो. तेरा-तेरांच्या दोन गटांत प्रत्येकी 78. इथे सांभाळायचे ते ‘आपण’ आणि ‘ते’. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज जास्त केला की कमी, एवढ्या क्षुल्लक निमित्ताने मुलांची विभागणी केली, आणि तीही खरे तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरी मुलांनी पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून जास्त हवे, असाही कल दिसला. हे वैर रक्तातून येते म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा.

म्हणून गट फोडताना आधी हिशेब मिटवायचा. ठरलेल्या तारखेला प्रत्येकीची बचत, थकीत कर्ज आणि व्याजातला वाटा सगळ्यांसमोर वाचायचा, सव्वीस सह्या घ्यायच्या, आणि त्यानंतरच नव्या गटांची नावे लिहायची. नावे आधी पडली की शिल्लक कुणाची, हा प्रश्न ‘त्यांचा’ आणि ‘आमचा’ होऊन बसतो.