पेटी उघडण्याआधी: आमच्या देवगडच्या बागेतून

आमच्या बागेतला हापूस मागवलात, मनापासून आभार.

पेटीतले आंबे हिरवे आणि कडक लागतील. घाबरू नका, मुद्दामच तसे पाठवले आहेत. चौदा आणे, म्हणजे सोळा आण्यांच्या हिशेबाने जवळजवळ पूर्ण, तयार झाला की आम्ही आंबा उतरवतो. झाडावर जास्त ठेवला तर साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) धरायची भीती वाढते, आणि साका वरून ओळखता येत नाही.

ही शिस्त बाबांची. कातळाला सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरून माती आणून भरायची, मग कलम लावायचे, अशी ही बाग त्यांनी उभी केली. सुरुवातीचे उन्हाळे पाणी डोक्यावरून आणले. आता सत्तरी उलटली, तरी काढणीला पहाटे तेच पुढे. आंबा झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या अवजाराने) देठासकटच तोडायचा. देठ मुळापासून निघाला तर चीक सालीवर ओघळून काळा डाग पडतो. असा आंबा ते पेटीत भरू देत नाहीत.

गावाला मात्र बाबा कलमांसाठी ठाऊक आहेत. पावसाळ्यात आमच्या पडवीत माणसे कोय कलम शिकायला येतात. रायवळ म्हणजे गावठी आंब्याची कोय रुजते, पाने अजून तांबूस असतात, तेवढ्याच दिवसांत हे काम होते. कोवळ्या खोडाला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. शिकवण्याचे पैसे बाबांनी कधी घेतले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात झाडे आडवी झाली, तेव्हा ज्या घरांतली कर्ती माणसे मुंबईला होती, त्यांच्या वाटा बाबांनी आधी मोकळ्या करून दिल्या. आमच्या बागेकडे नंतर वळले. बागायतदार असाच असावा, असे आम्हाला वाटते.

आता आंब्यांचे. घरात हवेशीर जागी, पेंढ्यातच ठेवा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये नको, थंडीने नीट पिकत नाही. रोज एकदा हात फिरवून वास आलेले, किंचित मऊ झालेले बाजूला काढा. आंबा झटपट पिकवायला आम्ही कार्बाइड वापरत नाही, कायद्यानेही त्याला बंदीच आहे. त्यामुळे एकाच पेटीतले आंबे पुढेमागे पिकतील. घरी रोज थोडे थोडे खायला तेच बरे. साल थोडी सुरकुतली तरी टाकू नका, तो आंबा बहुतेक वेळा जास्त गोड निघतो.

एवढे करूनही एखाद्या फळात साका निघालाच, तर कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा. तेवढी फळे पुढच्या पेटीत जास्तीची भरून देऊ.